उसाच्या मळीवर लायसीन: जनुके बदलण्याआधी पेशीचा जमाखर्च

कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जीवाणूकडून उसाच्या मळीवर लायसीन हे अमिनो आम्ल तयार करून घ्यायचे आहे. अ‍ॅस्पार्टेटपासून लायसीनपर्यंतच्या मार्गावरील सगळ्या एन्झाइमांची जनुके प्लाझमिडवर (पेशीतल्या स्वतंत्र, छोट्या डीएनए-वर्तुळावर) घालून त्यांच्या प्रती वाढवल्या, तर उत्पादन त्या प्रमाणात वाढेल का? आणि त्याच जीवाणूकडून ग्लुकोजवर जे लायसीन मिळते, ते मळीवर इतके कमी का मिळते?

पहिल्या भागाचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याची कारणे नीट समजली की दुसऱ्या भागाचे उत्तर बरेचसे आपोआप हाती येते. एखाद्या मार्गावरील सगळी एन्झाइमे भरमसाट वाढवल्याने पेशीवर प्रथिने बनवण्याचा बोजा पडतो, वाढ मंदावते, आणि ज्या ठिकाणी प्रवाह खरोखर अडला आहे ते ठिकाण जसेच्या तसे राहते. या क्षेत्रात काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे की, पहिले जनुक हातात घेण्याआधी कार्बन, अपचयी शक्ती (रेणूंना इलेक्ट्रॉन पुरवण्याची क्षमता) आणि ऑक्सिजन या तिन्हींचा जमाखर्च कागदावर मांडला पाहिजे, आणि आपली साखर पेशीत नेमकी कोणत्या रूपाने शिरते हे पाहिले पाहिजे. तुमच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मळीतली साखर ही प्रामुख्याने सुक्रोज आहे, आणि बहुतेक प्रसिद्ध प्रयोग ग्लुकोजवर झालेले आहेत.

आधी नियंत्रणाविषयी. लायसीनच्या मार्गाची सुरुवात अ‍ॅस्पार्टोकायनेज या एन्झाइमने होते, आणि कोरिनेबॅक्टेरियममध्ये हे एन्झाइम लायसीन व थ्रिओनीन ही दोन्ही अमिनो आम्ले एकत्र साठली की थांबते. एकट्या लायसीनचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. ई. कोलाय या जीवाणूत याच कामासाठी तीन वेगवेगळी एन्झाइमे असून प्रत्येकाचे नियंत्रण वेगळे आहे. कोरिनेबॅक्टेरियममध्ये ते एकाच ठिकाणी एकवटलेले असल्यामुळेच हा जीवाणू लायसीनसाठी इतका सोयीचा ठरला. जपानमध्ये क्योवा हाक्को कंपनीत किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956-57 च्या सुमारास ग्लुटामेट बाहेर टाकणारा हा जीवाणू शोधला, आणि लगेच पुढच्या काळात त्याचे होमोसेरीन न बनवू शकणारे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले वाण) मिळवून त्यांच्याकडून लायसीन काढले. त्या उत्परिवर्तींमध्ये लायसीनचे एकही एन्झाइम वाढवलेले नव्हते. होमोसेरीन नाही म्हणून थ्रिओनीन नाही, आणि थ्रिओनीन माध्यमातून मोजकेच दिले की अ‍ॅस्पार्टोकायनेजवरचा दुहेरी अवरोध पूर्ण होत नाही, एवढ्यावर ते काम झाले. तेव्हा जनुके कापण्या-जोडण्याचे तंत्र अस्तित्वात नव्हते, तरीही चयापचयाची दिशा बदलण्याचा विचार तेव्हाच पूर्ण झालेला होता, असे मी मानतो.

त्यानंतरच्या काळात लायसीनसारखी रचना असलेल्या आणि पेशीला फसवणाऱ्या एका संयुगाच्या, म्हणजे अमिनोएथिल सिस्टीनच्या, उपस्थितीत वाढू शकणारे उत्परिवर्ती निवडले गेले. त्यांतील अनेकांच्या अ‍ॅस्पार्टोकायनेजमध्ये असे बदल सापडले की लायसीन आणि थ्रिओनीन असूनही ते थांबत नव्हते. आज आपण हाच परिणाम एका अक्षराच्या बदलाने साधतो: या एन्झाइमच्या 311 व्या स्थानावरील थ्रिओनीनच्या जागी आयसोल्यूसीन आले की अवरोध सुटतो. तुमच्या जीवाणूत हा किंवा असाच दुसरा बदल आधीपासून आहे की नाही, हे जनुकाचा अनुक्रम वाचून प्रथम तपासा. नसेल तर अवरोधाने थांबणाऱ्या मूळ एन्झाइमच्या कितीही प्रती वाढवल्या, तरी त्या सगळ्या एकाच वेळी थांबतील.

याच मार्गावर थोडे पुढे एक फाटा आहे, जिथे अ‍ॅस्पार्टेट सेमिअल्डिहाइडचा एक भाग लायसीनकडे जातो आणि दुसरा होमोसेरीनमार्फत थ्रिओनीन, मेथिओनीन व आयसोल्यूसीनकडे. होमोसेरीन डिहायड्रोजिनेजचे जनुक पूर्ण काढून टाकणे सोपे आहे, पण मग ती अमिनो आम्ले माध्यमात पुरवावी लागतात, आणि मळीसारख्या बेभरवशाच्या माध्यमात त्यांचे प्रमाण सांभाळणे त्रासाचे होते. म्हणून 59 व्या स्थानावर व्हॅलीनऐवजी अ‍ॅलनीन आणून एन्झाइम अर्धवट दुबळे करणे मला जास्त पसंत आहे. पेशी स्वतःपुरते थ्रिओनीन बनवते, आणि उरलेला प्रवाह लायसीनकडे वळतो. ओनिशी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हा बदल, अ‍ॅस्पार्टोकायनेजमधील वर सांगितलेला बदल आणि पायरुवेट कार्बोक्सिलेजमध्ये 458 व्या स्थानावर प्रोलीनऐवजी सेरीन, असे मोजके तीन बदल जंगली वाणात आणले, आणि सत्तावीस तासांत लिटरमागे सुमारे 80 ग्रॅम लायसीन मिळवले. अनेक दशके रसायने व किरण वापरून घडवलेल्या जुन्या औद्योगिक वाणांमध्ये शेकडो अनावश्यक उत्परिवर्तने साचलेली असतात, आणि ती वाढ मंद करतात. म्हणूनच जीनोम वाचून उपयोगाची तेवढीच निवडणे आणि स्वच्छ वाणात पुन्हा बसवणे या पद्धतीला इतके महत्त्व आले.

अवरोध सुटला की काय होते, हे आपल्या भागातल्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या एका बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या) काढले की पाणी पुढच्या बंधाऱ्याला जाऊन तटते. पेशीतही अ‍ॅस्पार्टोकायनेज मोकळे केल्यावर अडचण संपत नाही, ती पुढच्या किंवा मागच्या ठिकाणी सरकते. ती नेमकी कुठे सरकली, हे ओळखण्यासाठी जमाखर्च लागतो.

कार्बनचा हिशोब सोपा आहे. लायसीनचा एक रेणू बनायला एक ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि एक पायरुवेट लागते, आणि वाटेत एक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ग्लुकोजच्या एका रेणूपासून तीन कार्बनचे दोन तुकडे मिळतात. एक पायरुवेट म्हणून वापरायचा आणि दुसऱ्याला कार्बन डायऑक्साइड जोडून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट करायचे. म्हणजे नुसता कार्बन पाहिला तर एका ग्लुकोजला एक लायसीन मिळायला हवे. हे शक्य नाही, कारण लायसीन हा ग्लुकोजपेक्षा जास्त अपचयित रेणू आहे. ग्लुकोजकडे पूर्ण ज्वलनात देण्याजोगे 24 इलेक्ट्रॉन असतात, आणि अमोनिया हा नायट्रोजनचा स्रोत धरला तर लायसीनमध्ये 28 असतात. म्हणून पेशीने स्वतःच्या वाढीसाठी आणि जगण्यासाठी काहीही खर्च केले नाही असे मानले, तरी एका ग्लुकोजपासून 0.857 पेक्षा जास्त लायसीन मिळू शकत नाही, म्हणजेच वजनाने एका ग्रॅम ग्लुकोजमागे सुमारे 0.70 ग्रॅम ही छताची मर्यादा झाली. बेकर, विटमान आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये जंगली वाणात जीनोमवरच मोजके बारा बदल करून एका ग्रॅम ग्लुकोजमागे 0.55 ग्रॅम, आणि लिटरमागे 120 ग्रॅम लायसीन मिळवल्याचे दाखवले. छत आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहिला म्हणजे त्या कामाची योग्यता कळते, आणि आपल्या फ्लास्कमध्ये किती वाव शिल्लक आहे तेही कळते.

ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट पुरवणारे दोन रस्ते या जीवाणूत आहेत, पायरुवेट कार्बोक्सिलेज आणि फॉस्फोइनॉलपायरुवेट कार्बोक्सिलेज. लायसीनसाठी पहिला अधिक मोलाचा आहे. तो बळकट करणे, आणि ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट पुन्हा मागे ओढणारे फॉस्फोइनॉलपायरुवेट कार्बोक्सिकायनेज बंद करणे, हे दोन्ही बदल विश्वासाने करता येतात.

खरी ओढाताण एनएडीपीएचची, म्हणजे पेशीत अपचयासाठी इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूची, असते. लायसीनच्या एका रेणूला अपचयाच्या पायऱ्या आणि ग्लुटामेटमार्फत येणारा नायट्रोजन मिळून एनएडीपीएचचे चार रेणू लागतात. समजा शंभर रेणू ग्लुकोजपासून साठ रेणू लायसीन हवे आहे. तर 240 रेणू एनएडीपीएच लागेल. पेंटोज फॉस्फेट मार्ग हा साखर तोडण्याचा एक पर्यायी मार्ग आहे; त्यातून ग्लुकोज-6-फॉस्फेटचा एक रेणू एकदा गेला की दोन एनएडीपीएच मिळतात, म्हणजे सगळी गरज याच मार्गाने भागवायची तर 120 फेऱ्या व्हायला हव्यात, आणि आपण आत घातलेले रेणू शंभरच आहेत. हे शक्य होते, कारण त्या मार्गातून बाहेर पडलेले फ्रुक्टोज-6-फॉस्फेट पुन्हा ग्लुकोज-6-फॉस्फेटमध्ये फिरवून दुसऱ्यांदा आत पाठवता येते, आणि क्रेब्ज चक्रातील (कार्बन पूर्ण जाळणाऱ्या चक्रातील) आयसोसिट्रेट डिहायड्रोजिनेजही काही एनएडीपीएच देते. पण या आकडेमोडीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते: लायसीनच्या मार्गावरील एन्झाइमे कितीही सुदृढ केली तरी साखर पेंटोज फॉस्फेट मार्गातून पुरेशी फिरली नाही, तर लायसीन वाढणार नाही. म्हणूनच यशस्वी वाणांत फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेटेज आणि ट्रान्सकीटोलेजच्या जनुकसमूहाचे प्रवर्तक (जनुक किती चालावे हे ठरवणारे डीएनएचे तुकडे) बदलून ती वाढवलेली दिसतात. ही जनुके लायसीनच्या मार्गापासून नकाशावर खूप दूर आहेत, आणि ती आपल्या यादीत नव्हती याचे नवल वाटायला नको, कारण पाठ्यपुस्तकातील मार्गाच्या आकृतीत ती येतच नाहीत.

येथे आणखी एक बदल सांगतो, कारण तो वरवर पाहता हिशोबाच्या उलट वाटतो. आयसोसिट्रेट डिहायड्रोजिनेजच्या जनुकाच्या पहिल्या अक्षरात बदल करून त्याचे प्रमाण कमी केले तर एनएडीपीएचचा एक स्रोत कमी होतो, तरी लायसीन वाढते. क्रेब्ज चक्रात जळून जाणारा कार्बन वाचतो, आणि एनएडीपीएचची भरपाई पेंटोज फॉस्फेट मार्ग करतो. अशी देवाणघेवाण अंदाजाने कळत नाही. कार्बन-13 ने खूण केलेले ग्लुकोज पेशीला देऊन प्रथिनांतील अमिनो आम्लांत ती खूण कुठे पोचली हे वस्तुमान वर्णपटमापीवर मोजतात, आणि त्यावरून प्रत्येक मार्गातील प्रवाहाचे प्रमाण काढतात. तुमच्या प्रयोगशाळेत ही सोय नसेल, तरी वापरलेली साखर, तयार झालेले लायसीन, पेशींचे कोरडे वजन, ट्रेहॅलोज, लॅक्टेट व अ‍ॅसिटेटसारखी उपउत्पादने आणि शक्य असेल तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड एवढे मोजून कार्बनचा ताळेबंद जुळवता येतो. तो शंभर टक्क्यांच्या आसपास जुळला नाही, तर पुढचा निष्कर्ष काढू नका.

आता मळीकडे येतो. कोरिनेबॅक्टेरियम सुक्रोज आत घेताना त्यावर फॉस्फेट लावतो, आणि आत आल्यावर त्याचे दोन तुकडे होतात: ग्लुकोज-6-फॉस्फेट आणि फॉस्फेट नसलेले फ्रुक्टोज. पहिला तुकडा थेट पेंटोज फॉस्फेट मार्गाच्या तोंडाशीच येतो. दुसऱ्याचे काय होते, यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. या जीवाणूत फ्रुक्टोजवर फॉस्फेट लावणारे फ्रुक्टोकायनेज नाही. म्हणून आत तयार झालेले फ्रुक्टोज पेशीबाहेर जाते, आणि फ्रुक्टोजच्या वेगळ्या वाहतूक व्यवस्थेने पुन्हा आत येते, पण या वेळी ते फ्रुक्टोज-1-फॉस्फेट म्हणून येते आणि लगेच फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट बनून ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे साखर तोडण्याच्या मुख्य मार्गाच्या, उतारावर लागते. सुक्रोजमधला निम्मा कार्बन अशा रीतीने पेंटोज फॉस्फेट मार्गाला टाळून खाली निघून जातो. तो परत वर आणायचा तर फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेटेजलाच काम करावे लागते, आणि साखरेवर वाढणाऱ्या पेशीत हे एन्झाइम दुबळे असते. म्हणजे मळीवर तुमच्या जीवाणूला कार्बनची टंचाई नाही, एनएडीपीएचची आहे. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे या बिसफॉस्फेटेजला बळकट प्रवर्तक देणे, आणि दुसरा म्हणजे दुसऱ्या एखाद्या जीवाणूचे फ्रुक्टोकायनेज आणून आतले फ्रुक्टोज आतच पकडणे व फ्रुक्टोज-6-फॉस्फेट म्हणून मार्गाला लावणे. दोन्ही करून पाहिलेले उपाय आहेत. मी असतो तर तुमच्याजागी पहिल्याने सुरुवात केली असती, कारण मळीत सुक्रोजबरोबर मुळातच सुटे फ्रुक्टोजही असते, आणि त्याला फ्रुक्टोकायनेजचा उपयोग नाही.

हे निदान तुमच्या वाणाला लागू आहे की नाही, हे जनुकाला हात न लावता ठरवता येते. तोच वाण, तेच क्षार, आणि साखर मात्र वेगवेगळी: शुद्ध ग्लुकोज, शुद्ध फ्रुक्टोज, दोन्हींचे समप्रमाणातील मिश्रण, शुद्ध सुक्रोज, आणि शेवटी मळी, अशा फ्लास्कांची एक रांग लावा, आणि प्रत्येकात वापरलेल्या साखरेच्या ग्रॅममागे किती लायसीन आले ते काढा. शुद्ध फ्रुक्टोज आणि सुक्रोजवरच उत्पादन घसरले, तर दोष साखरेच्या वाटेत आहे. सुक्रोजवर ठीक येऊन मळीवर घसरले, तर तो मळीतील इतर घटकांत आहे. मधली पायरी म्हणून आपल्याकडच्या गुऱ्हाळातला स्वच्छ गूळ पाण्यात विरघळवून वापरता येतो. त्यात सुक्रोज भरपूर आणि राख मळीपेक्षा पुष्कळ कमी असते, त्यामुळे क्षारांचा परिणाम वेगळा काढायला त्याची मदत होते.

बायोटिन या जीवनसत्त्वाविषयी वाचलेले ग्लुटामेटचे नियम लायसीनला लावू नका, ही सूचना येथे आवर्जून करतो. कोरिनेबॅक्टेरियम बायोटिन स्वतः बनवू शकत नाही. ग्लुटामेट बाहेर पडावे म्हणून बायोटिन लिटरमागे काही मायक्रोग्रॅमवर आवळून धरतात. त्यामुळे पेशीपटलावर ताण येतो, 2-ऑक्सोग्लुटारेट डिहायड्रोजिनेजचे काम मंदावते, आणि ग्लुटामेट पटलातील वाहिनीतून बाहेर पडते. उसाच्या मळीत बायोटिन भरपूर असल्याने मळीवर ग्लुटामेट काढायचे तर ही युक्ती चालत नाही, आणि म्हणून उद्योगात वाढीच्या मध्यावर पेनिसिलीन किंवा ट्वीनसारखे पृष्ठसक्रिय पदार्थ घालण्याची पद्धत रूढ झाली. लायसीनचे बरोबर उलटे आहे. पायरुवेट कार्बोक्सिलेज हे बायोटिनवर चालणारे एन्झाइम आहे, त्याला बायोटिन मुबलकच हवे. मळीतील ही एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

मळी हाताळण्याबाबत थोडे. गळीत हंगामाच्या सुरुवातीची आणि शेवटची मळी सारखी नसते, बी-हेवी (साखर जास्त उरलेल्या) आणि सी-हेवी (शेवटच्या) मळीत तर साखर व राख यांचे प्रमाण फारच वेगळे असते, आणि टाकीत महिनोन्‌महिने तापत राहिलेल्या मळीत साखरेची नासाडी होऊन वाढ रोखणारी संयुगे तयार होतात. सगळ्या प्रयोगांना पुरेल एवढी मळी एकाच खेपेत आणून थंड ठेवा. ती पाण्याने पातळ करा, सल्फ्युरिक आम्लाने सामू तीनच्या आसपास आणून गरम करा आणि रात्रभर स्थिर राहू द्या. सकाळी भांड्याच्या तळाशी राखाडी-तपकिरी गाळाचा जाड थर बसलेला दिसेल. त्यात मुख्यतः कॅल्शियम सल्फेट आणि त्याच्याबरोबर खाली आलेले चिकट पदार्थ असतात. वरचे द्रावण अलगद काढून अपकेंद्रित्रात फिरवा, आणि मगच सामू पुन्हा वर आणा. आम्ल फार वेळ गरम राहिले तर सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, हे लक्षात ठेवून वेळ ठरलेली ठेवा, नाहीतर प्रत्येक खेपेची साखर वेगळी असेल आणि वरची सगळी तुलना निरर्थक होईल. मळी आणि अमोनियम सल्फेट ऑटोक्लेव्हमध्ये एकत्र घालू नका. साखर आणि नायट्रोजन एकमेकांशी अभिक्रिया करतात व द्रावण काळपट होते. निनहायड्रिनच्या रंगावरून लायसीन मोजणे ग्लुकोजच्या माध्यमात चालून जाते, मळीच्या रंगात ते दिशाभूल करते, म्हणून एचपीएलसीवरच, म्हणजे द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरच, मोजा. तसेच गढूळपणावरून पेशींची वाढ ठरवू नका. पेशी धुऊन त्यांचे कोरडे वजन घ्या.

लायसीन पेशीबाहेर कसे पडते याकडे दुर्लक्ष होते, म्हणून त्याचा उल्लेख करतो. 1996 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी लायसीन बाहेर टाकणारे लायस-ई हे वाहक प्रथिन शोधले. ते काढून टाकलेल्या पेशीत लायसीनची संहती एका मोलरच्या वर गेली आणि पेशींची वाढ थांबली, इतके त्याचे काम महत्त्वाचे आहे. लायसीन साठू लागले की लायस-जी हे नियामक प्रथिन हे वाहक आपोआप वाढवते, त्यामुळे तुमच्या टप्प्यावर त्याची वेगळी काळजी करण्याची गरज नाही. मात्र याच नियामकाला चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडून, जास्त लायसीन साठवणारी पेशी जास्त चमकेल अशी व्यवस्था 2012 मध्ये याच परंपरेतील संशोधकांनी केली, आणि लाखो पेशींतून चांगले उत्पादक यंत्राने वेचता येऊ लागले. कुठे बदल करावा हे तर्काने सुचत नसेल, तेव्हा ही पद्धत फार उपयोगी पडते.

प्लाझमिडऐवजी जीनोमवर बदल करा, असा माझा आग्रह आहे. प्लाझमिड टिकवायला प्रतिजैविक लागते, मोठ्या प्रमाणावर ते परवडत नाही आणि खाद्यात जाणाऱ्या उत्पादनात चालणारही नाही. ते न घातल्यास अनेक पिढ्यांनंतर प्लाझमिड गमावलेल्या पेशी वेगाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. जीनोमवर बदल करण्यासाठी सॅक-बी हे जनुक असलेले प्लाझमिड वापरण्याची जुनी पद्धत आजही खात्रीची आहे. ते जनुक असलेली पेशी सुक्रोजपासून लेव्हान ही बहुशर्करा बनवते आणि मरते, म्हणून दहा टक्के सुक्रोजच्या थाळीवर वाढणाऱ्या वसाहती म्हणजे प्लाझमिड बाहेर टाकलेल्या पेशी असतात. तुमचे माध्यम सुक्रोजचेच असल्यामुळे या पायरीत कसूर करू नका. प्रत्येक वसाहत प्रतिजैविकाच्या थाळीवर उमटवून ती तिथे वाढत नाही, हे पाहा. या जीवाणूची भित्तिका जाड असल्याने विद्युत-स्पंदाने डीएनए आत घालताना आधीच्या वाढीत ग्लायसीन व आयसोनियाझिड घालतात, आणि स्पंदानंतर 46 अंश सेल्सिअसला सहा मिनिटे ठेवल्यास परका डीएनए कापणारी यंत्रणा शिथिल होऊन वसाहती वाढतात. हे काम सुरू करण्यापूर्वी तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता घ्या. जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या 1989 च्या नियमांखाली ती आवश्यक आहे, आणि प्रबंध सादर करताना तिच्या अभावी अडचण येते.

शेवटी ऑक्सिजन, कारण फ्लास्कमधून फर्मेंटरमध्ये जाताना बहुतेकांचे आकडे तिथेच कोसळतात. एका ग्लुकोजपासून 0.6 रेणू लायसीन झाले तर 24 पैकी 16.8 इलेक्ट्रॉन लायसीनमध्ये गेले, उरलेले 7.2 ऑक्सिजनने उचलायचे आहेत, म्हणजे एका ग्लुकोजला 1.8 रेणू ऑक्सिजन हवा. लिटरमागे 100 ग्रॅम साखर वापरली गेली तर सुमारे 32 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि 30 अंशांना हवेच्या संपर्कातील पाण्यात एका वेळी लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतो. चार हजारांहून अधिक वेळा तो विरघळलेला साठा संपून पुन्हा भरावा लागतो असे समजा. ऑक्सिजन कमी पडला की पेशी लॅक्टेट आणि सक्सिनेटकडे वळते. म्हणून साखर एकदम न घालता, ढवळण्याच्या आणि हवेच्या क्षमतेला झेपेल त्या वेगाने सोडत राहायची, आणि सामू अमोनियाने सांभाळायचा, म्हणजे लायसीनला लागणारा नायट्रोजनही त्याच वाटेने मिळतो. मळीमुळे फेस फार येतो. फेस मारणारे तेल ऑक्सिजनची देवाणघेवाण कमी करते, म्हणून ते थेंबाथेंबाने घाला.

उत्पादन कोणत्या रूपात काढायचे, याचा विचार मळी निवडतानाच करावा लागतो. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी जगभर दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक लायसीन बनते, आणि त्याचा मोठा भाग शुभ्र हायड्रोक्लोराइड स्वरूपात विकला जातो. मळीचा रंग आणि पोटॅशियम आयन-विनिमयाच्या स्तंभांवर जड जाते, रेझिन लवकर खराब होते, आणि क्षारयुक्त सांडपाणी वाढते. पंचगंगेच्या खोऱ्यात काम करणाऱ्याने त्या पाण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरला पाहिजे. पेशींसह सगळे द्रावण सुकवून लायसीन सल्फेट म्हणून खाद्यात वापरण्याची पद्धत मळीला जास्त जुळते, कारण तिथे रंगाला महत्त्व नाही. मात्र सुकवण्याआधी उरलेली साखर जवळपास संपलेली असावी लागते. लायसीनचा टोकाचा अमिनो गट गरम असताना ग्लुकोज-फ्रुक्टोजशी बांधला जातो, आणि असे बांधलेले लायसीन कोंबडीच्या पोटात उपयोगी पडत नाही. तेव्हा किण्वन थांबवण्याची वेळ लायसीनच्या आकड्यावरून ठरवू नका. शिल्लक फ्रुक्टोजच्या आकड्यावरून ठरवा, कारण सुक्रोजच्या मार्गात पेशीबाहेर पडून सर्वांत शेवटी उचलली जाणारी साखर तीच असते.